पंधरा हातांचा मंडप

अँड्र्यू चक्रनारायण गुरुजींनी छत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि त्या छत्तीस वर्षांत एकाही पोराला उत्तर स्वतःचं स्वतः सापडू दिलं नाही. हे कुणा वाईटावर टपलेल्या माणसाने म्हटलेलं नाही, बरं का. निरोपसमारंभात त्यांच्याच एका विद्यार्थ्याने भरल्या डोळ्यांनी सांगितलं होतं, "गुरुजी आधी उत्तर सांगायचे, मग गणित. विचार करायचा त्रास त्यांनी आम्हाला कधी पडू दिला नाही." टाळ्या पडल्या. गुरुजींनी मान डोलावली, शाल-नारळ घेतला, घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गावाला शिकवायला मोकळे झाले.

गाव राहुरीपासून आठ किलोमीटरवर, मुळेच्या कालव्याला लागून. चर्चच्या आजूबाजूला तीस-पस्तीस घरं ख्रिस्ती, पलीकडे उसाच्या मळ्यांत बाकीचं गाव. रविवारी पाळकसाहेबांकडून अध्याय-वचनाचा आकडा चुकला की पहिल्या बाकावरून गुरुजींचा खाकरा यायचाच. डेअरीवर दुधाची फॅट मोजणाऱ्या पोराला ते रोज दशांश चिन्ह समजावून सांगत. लग्नपत्रिका घरी आली की लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवत. त्यामुळे अलीकडे लोक त्यांना फोनवरच आमंत्रण देत.

"अवो, रिटायर झालात ना तुमी?" त्यांची बायको झुंबरबाई म्हणायची. "मंग त्वांडाला बी रिटायर करा की जरा."

तर अशा या गुरुजींच्या घरात, त्यांच्या नाकावर टिच्चून, त्यांची सून कृपा हिने त्यांच्या नातीचं नाव शाळेतून काढलं. आणि गंमत अशी, की कृपाला सून म्हणून पसंत केलं होतं ते गुरुजींनीच. मुलगा योहान नुसताच 'बघू' म्हणत होता; गुरुजींनी मुलीचं बी.एड.चं गुणपत्रक पाहिलं आणि तिथल्या तिथे सुपारी फोडायची तेवढी बाकी ठेवली. "शिक्षकाच्या घरात शिक्षिकाच हवी," असं ते दहा जणांना सांगत फिरले. आता घ्या म्हणावं शिक्षिका!

झालं होतं असं. नात स्नेहल, वय नऊ, चौथीत. बावीसचा पाढा म्हणताना बावीस सत्तेपाशी अडली. वर्गावर गहिनीनाथ सर होते. त्यांनी पट्टी उभी धरली आणि बोटांच्या पेरांवर दिली. एकदाच, पण उभी. संध्याकाळी पोरीला भाकरी मोडता येईना. ते चार दिवसांत बरं झालं, पण नंतर रोज सकाळी दप्तर उचललं की तिला उलटी व्हायला लागली. कृपा शाळेत जाऊन गहिनीनाथ सरांना भेटली. सर म्हणाले, "ताई, तुमच्या सासऱ्यांनी आम्हाला असंच शिकवलं. म्हणून तर आज मास्तर झालो." त्यांनी हे अगदी मनापासून, आदराने सांगितलं होतं. कृपा घरी आली आणि तिने तो आदर जशाच्या तसा सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला.

गुरुजी म्हणाले, "पट्टीने कुणी मेलंय का आजवर?"

"मेलं न्हाई," झुंबरबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पर उलटी करून शिकलेलं बी म्या कुनी पाह्यलं न्हाई."

त्यानंतर कृपाने आणखी तीन घरं गोळा केली. ट्रॅक्टरवाला कल्याण अमोलिक, ज्याच्या पोरीला शाळेत बाकावरून सारखं उठवून बसवत. पाळकसाहेबांच्या पत्नी रूथबाई, ज्यांना तीन पोरं होती आणि तिन्ही वेगवेगळ्या शाळांतून परत आलेली. आणि बनुबाई त्रिभुवन, जिच्या दोन नातवांचे आईबाप पुण्याला कामाला होते. चार दिवस पोरं आपापल्या घरी शिकायची आणि शुक्रवारी चर्चमागच्या हॉलमध्ये सगळी एकत्र यायची. जे शिकायचं ते हाताने करून, सगळ्यांनी मिळून. कृपा त्याला होमस्कूल को-ऑप म्हणायची.

"को-ऑप म्हंजी सोसायटी?" बनुबाईने विचारलं होतं. नगर जिल्ह्यातलं माणूस, दुसरं काय विचारणार? आमच्याकडे साखर सहकारी, दूध सहकारी, कोंबड्या सहकारी. पोरंही सहकारी झाली, तर त्यात तिला काही वावगं दिसलं नाही. फक्त चेअरमन कोण, एवढंच तिने विचारून घेतलं.

चेअरमन कुणी नव्हतं, पण मार्गदर्शक होते. सासऱ्यांना घरात एकटं धुमसत ठेवण्यापेक्षा हॉलमध्ये खुर्चीवर बसवलेलं बरं, असा कृपाने विचार केला आणि गुरुजींना ते पद दिलं. अट एकच: "पप्पा, उत्तर सांगायचं नाही."

म्हणजे माशाला सांगायचं, तळ्यात बस पण भिजू नकोस. पहिल्याच शुक्रवारी पोरांनी दोन ग्लास मांडले, एक साध्या पाण्याचा, एक मिठाच्या. बनुबाईच्या धाकट्या नातवाने श्वास रोखून अंडं उचललं. ते मिठाच्या पाण्याला टेकायच्या आत खुर्चीवरून आवाज आला, "तरंगेल. घनतेमुळे." पोरांनी अंड्याकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं आणि निमूटपणे ग्लास आवरायला घेतले. दुसऱ्या वेळी पोरं कालव्यात लिंबू सोडून पाण्याचा वेग काढायला निघाली होती. ती फाटकाच्या बाहेर पडायच्या आत गुरुजींनी वेग सांगून टाकला. तिसऱ्या वेळी कुठल्या डब्यातल्या मटकीला मोड येतील हे त्यांनी झाकण लावतानाच जाहीर केलं.

कृपाने आवाज न चढवता सांगितलं, "पप्पा, आता एकदा जरी झालं ना, तर तुमची खुर्ची बाहेर लिंबाखाली."

गुरुजींना राग आला, हे तर झालंच. पण रागापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. स्नेहल त्यांच्याशी पहिल्यासारखी बोलायची, पाणी आणून द्यायची, चष्मा शोधून द्यायची. पण गणितातलं म्हणून एक अक्षर विचारायची नाही. पूर्वी ती मांडीवर बसून 'आजोबा, शंभराच्या पुढे काय?' असं विचारायची. आता आकडा निघाला की उठून जायची. गुरुजींनी स्वतः तिच्या अंगाला कधी बोट लावलं नव्हतं, आणि तरी ती उठून जायची. हे त्यांना फार लागलं होतं. पण लागलंय असं कबूल करण्यापेक्षा 'पोरीला शिस्त राहिली नाही' असं म्हणणं त्यांना सोपं जायचं.

मार्च महिन्यात एक दिवस गहिनीनाथ सर दारात उभे राहिले. हातात सर्वेक्षणाचे फॉर्म, चेहऱ्यावर ओशाळं हसू.

"गुरुजी, रागावू नका. शाळाबाह्य मुलांची यादी करायचीय. तुमच्या घरात एक मूल दिसतंय."

गुरुजींना वाटलं, आता धरणीने पोटात घ्यावं. अहो, ही यादी त्यांनीच वर्षानुवर्षं केली होती! वीटभट्ट्या पालथ्या घातल्या, ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या-झोपड्या धुंडाळल्या, एका वर्षी चौदा मुलं हुडकून शाळेत बसवली म्हणून तालुक्याला सत्कार झाला होता. आणि आज त्यांच्याच उंबऱ्यावर, त्यांनीच घडवलेला मास्तर, त्यांच्याच नातीचं नाव शाळाबाह्यांत लिहायला पेन उघडून उभा.

"लिहू नकोस," गुरुजी म्हणाले. "झावळ्यांच्या रविवारपर्यंत थांब, ईस्टरच्या आधीच्या. सोमवारी पोरगी वर्गात बसलेली असेल."

त्याच संध्याकाळी त्यांनी कृपाशी पैज लावली. को-ऑपमध्ये तेव्हा मोठं काम निघालं होतं. बायबलातल्या मोशेने रानात देवासाठी निवासमंडप उभारला, तसा पोरांनी चर्चच्या आवारात उभारायचा. शास्त्रात मापं दिलेली आहेत, तीस हात लांब, दहा हात रुंद, दहा हात उंच. एवढा झेपणार नाही म्हणून पोरांनीच निम्मा करायचं ठरवलं: पंधरा हात लांब, पाच रुंद, पाच उंच. आता ज्याला ठाऊक नसेल त्याच्यासाठी सांगतो, हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. शास्त्रात लाकूड बाभळीचं सांगितलंय, आणि मोशेला त्या रानात दुसरं काही मिळालं नाही हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण बाभळीचं एक लाकूड सरळ असेल तर शपथ, म्हणून पोरांनी मंडपवाल्या हर्षलकडून टाकाऊ बांबू मागून आणले. चार घरांनी चार बाजू वाटून घेतल्या. उजवी भिंत स्नेहलची, डावी कल्याणकडची, मागची रूथबाईंकडची, आणि वरचं छत जुन्या लुगड्यांचं, ते बनुबाईकडे. प्रत्येकाने आपापल्या घरी मापून, कापून, शिवून आणायचं. आणि कृपाचा नियम असा, की टेप नाही, फूटपट्टी नाही. शास्त्रातलं माप तेच खरं.

गुरुजी म्हणाले, "झावळ्यांच्या रविवारी मंडप सरळ उभा राहिला, तर मी शाळेचं नाव काढणार नाही. नाही राहिला, तर सोमवारी स्नेहल शाळेत."

कृपाने विचारलं, "रविवारी ना? उपासनेच्या आधी?"

"रविवारी."

"चालेल, पप्पा."

पुढच्या आठवड्यात एका सकाळी गुरुजी अंगणात पेपर वाचत बसले होते. समोर स्नेहल बांबू आडवा टाकून बसली होती. तिने कोपर बांबूवर टेकवलं, बोट लांब केलं, कोळशाने खूण केली. मग खुणेवर कोपर. पुन्हा बोट. पुन्हा खूण. असे पाच.

गुरुजींचा पेपर हळूहळू खाली आला. नऊ वर्षांच्या पोरीचा हात! दीड वीत काय तो. आणि डाव्या भिंतीला माप कुणाचं असणार? कल्याणकडे पोरीने बापालाच धरलं असणार, आणि कल्याण म्हणजे सव्वासहा फुटी गडी, त्याचा हात म्हणजे ट्रॅक्टरचा लिव्हर. रूथबाई मध्यम. आणि बनुबाईचा हात तर मागच्या साली मोडून वाकडा बसलेला. चार घरं, चार हात, आणि चारही जण देवाचं नाव घेऊन पाच-पाच मोजतायत!

हसू त्यांनी पेपरामागे दाबलं. कृपाबाई बी.एड., एवढं तुमच्या ध्यानात आलं नाही? ते आता सांगून टाकणारच होते, जिभेच्या टोकावर आलं होतं. आणि तेवढ्यात त्यांना अट आठवली. उत्तर सांगायचं नाही! वा! नियमाने तोंड बंद, आणि तोंड बंद ठेवलं की पैज खिशात. गुरुजींना आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसण्यात एवढी गोडी लागली.

चार बांबू खुणा करून झाल्यावर स्नेहल उठली. त्यांच्यापाशी आली. कोळशाने माखलेली बोटं परकराला पुसत उभी राहिली.

"आजोबा, पाच हात म्हणजे एवढंच असतं का? मला कमी वाटतंय."

पट्टीच्या त्या दिवसानंतर मापाचं, आकड्याचं काही म्हणून ती पहिल्यांदाच विचारत होती. ज्याची ते पाच महिने वाट पाहत होते, ते समोर येऊन उभं होतं. आणि तरीही, देव माफ करो, ते म्हणाले, "मला सांगायची मनाई आहे, बाळ. तुझ्या आईला विचार."

ती "बरं" म्हणाली आणि करवत घेऊन कापायला बसली. गुरुजी पुन्हा पेपरात डोकं घालून बसले, पण एकच बातमी तीनदा वाचूनही त्यांना ती कशाची आहे हे कळलं नाही. मनाला ते सांगत होते, पोरीच्या भल्यासाठीच करतोय, एकदा शाळेत गेली की होईल सगळं सुरळीत. मन ऐकत होतं, पण मनापासून नाही.

झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सगळ्यांनी आपापल्या भिंती आणल्या. गुरुजी पांढरी टोपी घालून वेळेच्या आधी हजर. खड्डे घेतले होते, त्यात बांबू रोवले, दोऱ्या ताणल्या, वर बनुबाईचं छत ओढलं. आणि काय सांगावं! डावी भिंत आठ फुटांवर, उजवी कशीबशी साडेपाचावर. डावी भिंत चर्चच्या पायरीपर्यंत पोचलेली, उजवी अर्ध्यातच संपलेली. मागची भिंत दोन्हीकडून बाहेर डोकावत होती. आणि छत लांबीला एकीकडे पुरेना, दुसरीकडे लोळत होतं.

कल्याण कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आरं द्येवा! ह्यो मंडप हाय का घसरगुंडी?"

"माजं छत बराबर हाय," बनुबाई लगेच म्हणाली. "भित्तीच चुकल्यात."

गुरुजी खुर्चीवर ताठ झाले. त्यांच्या अनुभवाप्रमाणे आता पुढची पायरी ठरलेली होती: चूक कुणाची ते शोधायचं, त्याला उभं करायचं. त्यांनी स्नेहलकडे पाहिलं. पोरगी पांढरी पडली होती. दोन्ही हातांच्या मुठी तिने घट्ट आवळून बोटं आत लपवली होती. ती कशाची वाट बघतेय हे गुरुजींना एका नजरेत कळलं, आणि त्यांची पैज जिंकण्याची सगळी मजा तिथेच नासली. पण उठून जवळ जावं, तर कुठल्या तोंडाने?

कृपाने कुणालाच उभं केलं नाही. ती फक्त म्हणाली, "बघा बरं, काय दिसतंय?"

बनुबाईचा धाकटा नातू पहिल्यांदा खिदळला. "एका बाजूला हत्ती ऱ्हाईल आन एका बाजूला शेळी!" मग सगळीच हसली. कल्याणची पोरगी तर जमिनीवर लोळली. स्नेहलने आजूबाजूला पाहिलं. कुणी मारत नव्हतं. कुणी रागावतही नव्हतं. हळूहळू तिची एक मूठ सुटली. ती उजव्या भिंतीपाशी गेली, मग डाव्या भिंतीपाशी गेली, आणि मग सरळ कल्याणसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, हात द्या. असा आडवा."

कल्याणने गुडघ्यावर बसून हात पुढे केला. तिने आपलं कोपर त्याच्या कोपराला लावलं. तिचं बोट त्याच्या मनगटाच्या जरासं पुढे संपलं. तिने तिथे खूण धरली, उरलेल्या जागेवर पुन्हा आपला हात लावून पाहिला, ओठ हलवले.

"तुमचा एक हात म्हणजे माझा दीड हात आहे. मग तुमचे पाच म्हणजे माझे..." ती थांबली. गुरुजींच्या ओठांवर उत्तर आलं. छत्तीस वर्षांची सवय. त्यांनी दोन्ही ओठ दातांत धरले. "साडेसात! साडेसात होतात!"

पोरांनी धावत जाऊन डाव्या भिंतीचा बांबू तिच्या हाताने मोजला. साडेसात. आरडाओरडा झाला, चर्चच्या छपरावरची कबुतरं उडाली. अपूर्णांकाचा गुणाकार, चौथीतली पोर, पाटी नाही, पेन्सिल नाही! गुरुजींना वाटलं उठून नाचावं. मग आठवलं, आपण तर दुसऱ्या बाजूला बसलोय.

आता वाद असा, की माप कुणाचं धरायचं. कल्याण म्हणाला, "माझंच धरा, मोठं हाय." रूथबाई म्हणाल्या, पाळकसाहेबांचं धरावं. बनुबाई म्हणाली, "मोशेचं धरा, त्याचाच मंडप हाय." मोशे हजर नसल्यामुळे ते राहिलं. स्नेहल भिंतींकडे बघत होती.

"माझंच धरायला लागेल," ती हळूच म्हणाली. "काकांचा बांबू कापून लहान होईल. माझा ओढून मोठा होणार नाही."

कल्याणने लगेच करवत उचलली. तिच्या हाताएवढ्या चार काठ्या कापून चारही घरांना दिल्या, आणि शनिवारी दिवसभर सगळी मोठी माणसं नऊ वर्षांच्या पोरीच्या मापाने स्वतःला कापत बसली. बनुबाईला छताचा काही भाग उसवावा लागला. ती शेवटपर्यंत म्हणत होती, "छत बराबरच हुतं."

घरी जाताना कृपा गुरुजींच्या बरोबरीने चालत होती. "पप्पा, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना? अंगणात पेपर उलटा धरून बसला होतात, मी स्वयंपाकघरातून पाहिलं. मला नुसती धाकधूक, आता सांगतात का मग सांगतात. सगळा धडाच वाया गेला असता. थँक यू हं."

म्हणजे हिला माहीत होतं! पहिल्यापासून! गुरुजी मनात म्हणाले, अँड्र्यू, तू शेर तर ही सव्वाशेर.

रविवारी मंडप उभा राहिला. काटकोनात, चहूबाजूंनी सारखा. फक्त उंची स्नेहलच्या पाच हातांची, त्यामुळे मोठ्या माणसाला आत जायला मान खाली घालावी लागत होती. पाळकसाहेबांना आयतंच मिळालं. देवापुढे नम्र कसं व्हावं यावर त्यांनी पंचवीस मिनिटं प्रवचन झोडलं. पोरं झावळ्या हातात धरून ताटकळली. आणि शेवटी ते म्हणाले, "पण खरी नम्रता पाहायची, तर आपले अँड्र्यू गुरुजी! चूक डोळ्यांसमोर होताना पाहिली आणि लेकरांचं लेकरांना कळावं म्हणून ओठ शिवून बसले. याला म्हणतात शिक्षक!"

टाळ्या. गुरुजींना उठावं लागलं. ते म्हणाले, "मी काही केलं नाही." यापेक्षा खरं वाक्य त्या चर्चमध्ये वर्षभरात कुणी उच्चारलं नसेल. लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. झुंबरबाई मात्र वाजवत नव्हती. ती चष्म्यावरून नवऱ्याकडे बघत होती. पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला काय सांगायचं असतं?

उपासनेनंतर आवारात जेवणं बसली. आमंत्रण सगळ्या गावाला होतं, त्यात गहिनीनाथ सरही आले होते. त्यांनी पत्रावळीवर बसायच्या आधी खिशातून फॉर्म काढला. "गुरुजी, उद्या सोमवार." गुरुजींनी त्यांचंच पेन घेतलं, रकान्यात स्वतःच्या वळणदार अक्षरात 'स्नेहल योहान चक्रनारायण, शाळाबाह्य' असं लिहिलं आणि खाली सही केली. पैज म्हणजे पैज. गहिनीनाथ सर अक्षराकडे बघत राहिले.

गुरुजी मंडपात जाऊन बसले. लुगड्यांच्या रंगांतून ऊन आत आलं होतं. थोड्या वेळाने स्नेहल आली, त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली.

"आजोबा, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

तयार उत्तर होतं. पाळकसाहेबांनी नुकतंच चर्चभर वाटलं होतं. तुझं तुला कळावं म्हणून. नुसतं म्हणायचा अवकाश. गुरुजींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग म्हणाले, "तू चुकावीस म्हणून. मंडप पडावा आणि तू परत शाळेत जावंस म्हणून."

ती मातीत बोटाने रेघा ओढत बसली. गुरुजींना वाटलं, आता उठून जाईल. जायलाच हवं.

"गहिनीनाथ सरांच्या वर्गात?"

"हं."

"त्यांना तुम्हीच शिकवलं ना?"

"मीच."

"मग त्यांना सांगाल? चुकलं तर चुकू द्यायचं म्हणून?"

"तुला परत जायचंय का तिकडे?" गुरुजींनी विचारलं.

तिने जोरात मान हलवली. "मी नाही जाणार. पण वर्गात बाकीचे अजून आहेत ना. माझ्या शेजारी ज्ञानेश्वरी बसायची. तिला तेविसाचा येत नाही."

बाहेर वाढपी 'भात, भात' करत फिरत होते. गुरुजी गुडघ्यावर हात टेकून उठले, वाकून बाहेर आले. गहिनीनाथ सरांचं जेवण अर्ध्यावर होतं. गुरुजी येताना पाहून ते गडबडीने उठायला लागले.

"बस, बस. जेव तू." गुरुजी त्यांच्यासमोर खाली मातीतच बसले. "गहिनीनाथ, मी तुला एक गोष्ट चुकीची शिकवली रे."

"कुठली, गुरुजी?"

गुरुजींना उत्तर माहीत होतं. पण ते सांगायला त्यांचं तोंड उघडेना. समोरचा माणूस घास हातात धरून वाट बघत होता, आणि छत्तीस वर्षं सगळ्यांच्या आधी बोलणाऱ्या माणसाला पहिला शब्द सापडत नव्हता.